साखरेचे बिस्किट आणि हाताचा हिशेब

घरी केलेल्या वस्तूला आपल्याकडे भाव नसतो. बाजारातून आणली तर तिची पावती असते, किंमत असते, महाग पडली म्हणून कुरकूरही असते. तीच वस्तू घरच्या बाईने केली की "तिने केलं" एवढ्यावर विषय संपतो. गेली काही वर्षे आमच्या विक्रोळीच्या वस्तीत घरी बिस्किटे भाजून त्यांवर साखरेची नक्षी काढण्याचे काम चालू आहे. ते जवळून पाहताना हा विचार माझ्या डोक्यात घोळत राहिला. मी एका कचेरीत हिशेब खात्यात कारकून आहे. बी. कॉम. झाले, नोकरी लागली, आणि रविवारी समाजमंदिरात बसून महिला बचत गटांच्या वह्या तपासणे हे आवडीचे काम होऊन बसले. त्यामुळे बिस्किटाकडेसुद्धा मी वहीतूनच पाहते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते ९० च्या सुमारास, आजूबाजूच्या कोणत्याही घरात ओव्हन नव्हता. बिस्किट म्हणजे पुड्यातले. घरचे म्हणावे असे एकच होते, ते नानकटाई. तीही पूर्ण घरची नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत आई मैदा, थोडा रवा, पिठीसाखर आणि डालडा असे सामान पिशवीत भरून बेकरीत न्यायची. तिथे नंबर लागायचा. आपल्या डब्यात नावाची चिठ्ठी टाकायची आणि भट्टीच्या धगीसमोर ताटकळत बसायचे. भाजणावळ किलोवर असे. घरी येताना डबा इतका गरम असायचा की तो साडीच्या पदरात धरावा लागे. आज तो डालडा आठवला की काळजी वाटते, कारण वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहे हे आता सगळ्यांना कळले आहे. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपात ते २ टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम झाला. भट्टीचेही दिवस बदलले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पण सामान घेऊन बेकरीत जाण्याची पद्धत आमच्याकडे त्याआधीच मागे पडली होती. टेबलावर मावणारे विजेचे छोटे ओव्हन तोवर चाळीत आणि वस्तीतही आले होते.

मुले ज्याला शुगर कुकी म्हणतात ते बिस्किट मूळचे आपले नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात नाझरेथ नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात जर्मन मुलखातून आलेले मोरेवियन पंथाचे लोक तिथे वसले. त्यांच्या स्वयंपाकघरांतून हे बिस्किट निघाले, असे सांगतात. नाताळच्या आधी घरातली लहानथोर मंडळी टेबलाभोवती बसतात, तारे, झाडे, घंटा अशा आकारांत ती कापतात आणि रंगीत साखरेने सजवतात, अशी तिकडची रीत. आमच्याकडे ती नाताळातून आली नाही. मुलांच्या वाढदिवसातून आणि मोबाइलवरच्या चित्रांतून आली. परकी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. शुगर हा शब्द आपल्या शर्करेवरूनच तिकडे गेला आणि कँडी हा खांडेवरून. नाव फिरून आले, एवढेच.

वस्तीत हे काम सुरू केले ते आमच्या शेजारच्या वहिनींनी. त्या एका गाळ्यात पॅकिंगला जायच्या. २०२० च्या टाळेबंदीत गाळा बंद पडला तो पुन्हा उघडलाच नाही. घरात दोन मुले शिकणारी, दादांची वॉचमनची नोकरी कंत्राटी. भाचीच्या मोबाइलवर पाहून वहिनींनी आधी जुन्या कुकरात बिस्किटे भाजली. शिट्टी आणि रबर काढायचे, तळाला मिठाचा थर द्यायचा, त्यावर स्टँड ठेवून दहा मिनिटे कुकर तापवायचा आणि मग ताटली आत ठेवायची. एका वेळी पाच-सहा बिस्किटे निघत. पण चव जमली. मग बचत गटातून कर्ज काढून त्यांनी विजेचा ओव्हन घेतला. त्या कर्जाचे हप्ते माझ्याच वहीत उतरत होते, म्हणून हे सगळे मला तपशिलाने ठाऊक आहे.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी प्रमाण देते. मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एक लहान अंडे, चिमूटभर मीठ. वासाला व्हॅनिला इसेन्स घालतात. वहिनी वेलदोड्याची पूड घालतात आणि तीच मला जास्त आवडते. लोणी आणि साखर एकत्र फेटायची, अंडे घालायचे, मग मैदा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पोळीची कणीक मळतो तसा हा गोळा मळायचा नाही. मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत न होता दाताला झुंजवते. हाताने जेमतेम एकत्र करायचे आणि गोळा झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा.

वहिनींचा पहिला घाणा ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटला, तो याच तासापायी. मे महिन्याचे दिवस, पत्र्याचे छप्पर, लोणी हातातच वितळत होते. गार न करता लाटलेले बिस्किट ओव्हनमध्ये गेले की आधी लोणी वितळते, पीठ मागाहून आवळते. तोवर चांदणीची पुरी झालेली असते. गार गोळा लाटला की आकार टिकतो. फुगवायची पूडही यात घालायची नाही, कारण बिस्किट फुगले तर कडा बिघडतात आणि वरचा भाग नक्षीसाठी सपाट राहत नाही. जाडी सारखी यावी म्हणून वहिनी पोळपाटाच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवतात. अर्धा सेंटिमीटर जाडी पुरे. ओव्हन आधी १७५ अंशांवर तापवायचा आणि ११ ते १३ मिनिटे भाजायचे. कडेला किंचित रंग चढला की बाहेर. त्या वेळी ते मऊच लागते. जाळीवर गार होताना कडक होते. मऊ आहे म्हणून परत आत ढकलले तर करपते.

आता नक्षी. खरे काम इथे आहे. अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंगची बारीक साखर फेटून, लिंबाचे दोन-चार थेंब घालून घट्ट पांढरा लेप करतात. वाळला की तो खडीसाखरेसारखा टणक होतो. कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात. तान्ही मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे यांच्या पोटात ते जाऊ नयेत म्हणून आमच्या बाया आता उष्णतेने निर्जंतुक केलेली पांढऱ्या भागाची भुकटी वापरतात. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आपली महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या आसपासच्या दुकानांत ती मिळते, आणि साचे, रंग, कागदही मिळतात. लेप दोन प्रकारचा लागतो. कडेची रेघ काढायला घट्ट, टूथपेस्टसारखा. आत भरायला पातळ. त्यावर सुरीने रेघ मारली तर दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत ती मिटली पाहिजे. लवकर मिटली तर लेप कडेवरून ओघळतो, मिटलीच नाही तर वर उंचवटे राहतात.

वहिनींची रेघ सुरुवातीला थरथरायची. मग आमच्या गल्लीतली लग्नसराईत मेंदी काढणारी मुलगी मदतीला आली. तिने कोन हातात घेतला आणि पहिल्याच दिवशी अशी रेघ ओढली की आम्ही पाहत राहिलो. मेंदीचा कोन आणि आयसिंगचा कोन यांत फारसा फरक नाही. मेंदीत टोक त्वचेला लागून चालते. इथे टोक थोडे वर धरायचे, धागा सोडल्यासारखा लेप खाली पडू द्यायचा आणि वळणावर हात हळू करायचा. एवढे तिला एका संध्याकाळी उमगले. रांगोळीचे ठिपके जोडणारी, ब्लाउजला टिकल्या लावणारी, वहीला रेघा आखणारी, अशा कितीतरी मुली आपल्या घरांत आहेत. त्यांच्या बोटांत जे आहे त्याला शिक्षण म्हणावे असे कुणाला वाटत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र नसते. पण हे कसब वर्षानुवर्षे हात चालवूनच येते.

पावसाळ्यात मात्र हे कसबही हात टेकते. एरवी लेप आठ-दहा तासांत वाळतो. जुलैत दिवस उलटला तरी बोटाला लागतो, कारण साखर हवेतले पाणी ओढून घेते. लाल रंग पांढऱ्यात उतरतो. म्हणून एक रंग पुरता वाळल्याशिवाय दुसरा भरायचा नाही, बिस्किटे पंख्याखाली ठेवायची आणि वाळलेली नक्षी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. बाहेर काढताच तिला घाम सुटतो.

रंगाबाबत एक सूचना जरूर करते. खाण्याचा म्हणून सुटा विकला जाणारा कोणताही रंग घेऊ नका. आपल्याकडे मोजकेच कृत्रिम रंग खाण्यात घालायला परवानगी आहे आणि तेही बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडू सरकारने जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली, कारण त्यांत कपडे रंगवण्याचा ऱ्होडामाइन बी हा रंग सापडला. तो माल खाणारी मुले बहुधा आपल्यासारख्यांचीच असतात. डबीवर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असेल तरच रंग घ्यावा, आणि तोही टोकावर उचलेल इतकाच वापरावा. बीटाचा किंवा हळदीचा फिका रंग आला तरी मुलांना चालतो; गडद रंगाचा आग्रह मोठ्यांचाच असतो.

आता हिशेबाकडे येते. वहिनी एक नक्षीचे बिस्किट १५ रुपयांना देत होत्या. मागणी भरपूर होती. महिन्याला बारा घाणे निघत. रात्री बारा-बारापर्यंत दिवा चालू असे, आणि महिनाअखेरीस हातात काही उरत नसे. "ताई, विकतंय तर सगळं, मग पैसा जातो कुठे?" असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही एका घाण्याचा हिशेब मांडला. मैदा १२ रुपये, लोणी ७५, पिठातली साखर ५, आयसिंगची साखर २२, अंडे आणि भुकटी २०, वेलदोडा आणि रंग १०, वीज ८. भाजलेल्या २८ पैकी तीन तुटतात किंवा बिघडतात, म्हणून विकायला २५. त्यांची पाकिटे आणि रिबन ७५. एकूण २२७ रुपये. पंचवीस बिस्किटांचे १५ प्रमाणे आले ३७५. उरले १४८.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दीडशे सुटतात की!"

मी म्हटले, "थांबा. आता वेळ लिहू." गोळा करायला ४० मिनिटे. लाटणे, कापणे, भाजणे ८० मिनिटे. लेप आणि त्याचे रंग ४०. नक्षी एका बिस्किटाला ६ मिनिटे, म्हणजे २८ बिस्किटांना १६८. पाकिटे भरणे ४०. भांडी, ओटा, ट्रे धुणे ३०. बेरीज ३९८ मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून थोडे जास्त. १४८ रुपयांना त्याने भागले तर तासाला जेमतेम २२ रुपये. वहिनी काही वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं तर मला गाळ्यातसुद्धा पडत होतं. आणि तिथं लाइट शेठचा होता."

दादा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पण ताई, ती घरात बसूनच करते ना? घरातल्या वेळेचे काय पैसे लावायचे?" मी विचारले, "दादा, तुम्हीही गेटवर खुर्चीत बसूनच असता. बसलात म्हणून पगार कापतात का?" ते हसले. माणूस सरळ आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या घराघरांत आहे आणि तो हसून सुटणारा नाही.

त्याची मुळे पाहायची तर जिथून साखर येते तिथेच पाहावे. माझी एक मावशी मराठवाड्यातून ऊसतोडीला जात असे. तिकडे मजुरी एका माणसाची धरत नाहीत, कोयत्याची धरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको वाढे बांधते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. पहाटे भाकरी तीच थापते आणि रात्री पाणीही तीच आणते. मुकादमाकडून उचल मात्र येते पुरुषाच्या हाती. मावशीने कितीतरी हंगाम काढले, पण "माझी मजुरी अमुक झाली" असे वाक्य तिला उभ्या आयुष्यात म्हणता आले नाही, कारण तिची मजुरी वेगळी मोजलीच गेली नव्हती. साखर शेतात असते तेव्हाही बाईचा हात जोडीत विरघळतो, आणि तीच साखर बिस्किटावर चढते तेव्हा तो घरात विरघळतो. म्हणून मी वहिनींना म्हटले, मालाच्या रकान्याशेजारी मजुरीचा रकाना आखा, आणि त्यात तुमचे नाव लिहा.

तासाला ७५ रुपये मजुरी धरली. हाताच्या कसबाला हे काही फार नाही. साडेसहा तासांवरच्या मिनिटांसह मजुरी झाली ४९८, मालाचे २२७, एकूण ७२५. पंचवीसने भागले तर बिस्किटाला २९ रुपये पडतात. ओव्हनची झीज, मार्केटचे जाणे-येणे, फोन आणि थोडा नफा धरून भाव ठरला ३५ रुपये.

भाव सांगणे वहीत लिहिण्याइतके सोपे नसते. एका मोठ्या सोसायटीतल्या बाईंची वाढदिवसासाठी ६० बिस्किटांची मागणी होती. नवा भाव ऐकून त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशांत दुकानात किलोभर बिस्किटं येतात." वहिनींनी शांतपणे सांगितले, "येतात ना, मॅडम. पण त्यांच्यावर तुमच्या मुलाचं नाव लिहून येत नाही." बाईंनी मागणी रद्द केली. पुढचे पंधरा दिवस फोन वाजला नाही. मुलाच्या क्लासची फी भरायची होती, कर्जाचा हप्ता होता, आणि घरात सगळे गप्प होते. त्या पंधरवड्यात वहिनींनी भाव उतरवला असता तरी मी त्यांना दोष दिला नसता. पोटाला हिशेब शिकवता येत नाही. पण त्यांनी तो उतरवला नाही. गटातल्या बायांनी त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायला संमती दिली. सोळाव्या दिवशी एका शाळेतल्या शिक्षिकेची मागणी आली, मग तिच्या बहिणीची.

आज महिन्याला बाराऐवजी सहाच घाणे निघतात. पूर्वी बारा घाण्यांत ८० तास राबून १,७७६ रुपये उरत. आता सहा घाण्यांत ४० तासांत, मालाचा खर्च वजा जाता, ३,८८८ रुपये राहतात. हे फार मोठे उत्पन्न नव्हे. घर त्यावर चालत नाही. पण मेंदीवाल्या मुलीला तिच्या तासांचे पैसे रोख मिळतात आणि वहिनी रात्री दहाला झोपतात. उरलेल्या वेळात त्या काय करतात, असे मला एकीने विचारले. मी म्हटले, काहीच करत नाहीत. तोही त्यांचा हक्क आहे.

दुसरा प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. एकदा एका बाईंचा फोन आला. बिस्किटात अंडे असते का, असे त्यांनी विचारले. वहिनींनी सांगितले, असते. हवे तर अंड्याऐवजी दूध घालून करून देते. इथवर सगळे रास्त होते. आपल्या पोटात काय जाणार हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि करणाऱ्याने ते खरे सांगितलेच पाहिजे. मग त्यांनी विचारले, "तुमचं पूर्ण नाव काय?" वहिनींनी आडनावासकट सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "कळवते," म्हणाल्या. संध्याकाळी निरोप आला की नको. त्यांनी नावावरूनच नकार दिला की आणखी काही कारण होते, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण ती शांतता कसली असते हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

वहिनींच्या मुलाने सुचवले, पाकिटावर एखादे इंग्रजी नाव छापू, आडनाव कशाला? त्याचे दुःख मला कळत होते. मी त्याला कायदा सांगितला. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, तो २०११ पासून लागू आहे. घरगुती धंद्यालाही त्याखाली नोंदणी करावी लागते. आणि पाकीटबंद खाद्यपदार्थावर त्यात काय काय आहे, तो कधी केला, किती दिवस टिकेल, आणि करणाऱ्याचे नाव व पत्ता काय, हे छापावे लागते. म्हणजे जे नाव फोनवर चाचपून विचारले गेले, ते पाकिटावर छापा असे कायदाच सांगतो. मुलगा काही बोलला नाही. वहिनीच बोलल्या. "शाळेत पूर्ण नाव लिहायला मीच तुला शिकवलं. मग पाकिटावर अर्धं कशाला?" आज त्यांच्या प्रत्येक पाकिटावर त्यांचे पूर्ण नाव, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक आहे. घेणारे घेतात. ज्यांना नको ते घेत नाहीत. पण घेणारा प्रत्येक जण ते नाव वाचून मुलाच्या हाती बिस्किट देतो, याचे मोल मला हिशेबात धरता येत नाही.

शेवटी आपल्याच माणसांबद्दल दोन शब्द. बाहेरच्यांनी भाव पाडला की आपल्याला राग येतो, पण आपणही कमी नाही. वस्तीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला उघड्या पुस्तकाच्या आकाराची शंभर बिस्किटे करावीत असे ठरले. कल्पना सुंदर होती. कार्यकर्त्यांची बैठक झाली. मंडपवाल्याचे पैसे ठरले, माइकवाल्याचे ठरले, फलक रंगवणाऱ्याचे ठरले. बिस्किटांचा विषय निघताच एक कार्यकर्ता म्हणाला, "वहिनी आपल्याच आहेत, समाजाचं काम आहे, त्या देतील." मी उभी राहिले आणि म्हटले, मंडपवालाही आपलाच आहे. त्याला पैसे द्यायचे आणि बाईने फुकट द्यायचे, हा कुठला न्याय? वहिनींना देणगी द्यायची असेल तर त्या आपण होऊन देतील. पण आधी शंभर बिस्किटांचे ३,५०० रुपयांचे बिल लागेल, आणि त्यातले जे त्या सोडतील त्याची देणगीची पावती त्यांच्या नावे फाडली जाईल. थोडी कुजबूज झाली, पण ठराव झाला. वहिनींनी १,००० रुपये सोडले. अभ्यासिकेच्या देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव लागले. यापूर्वी कितीतरी कार्यक्रमांना आपल्या बायांनी पातेलीच्या पातेली रांधून दिली आहेत. त्यांतले एकही नाव कुठल्या यादीत नाही.

म्हणून भगिनींनो, बिस्किटे करा किंवा करू नका, पण एक वही करा. तिच्यात चार रकाने आखा: माल, तास, मजुरी आणि मिळालेले पैसे. नफा सर्वांत शेवटी लिहा. मजुरी म्हणजे नफा नव्हे. पापड, गोधडी, शिवण, मेंदी, डबे, सगळ्याला ही वही चालते. मुलांसाठी सुट्टीत केलेल्या बिस्किटांना भाव लावायचा नाही. त्यांच्यासोबत पोळपाटाभोवती बसा, वाकडी चांदणी आली तर येऊ द्या, नक्षी त्यांनाच काढू द्या. पण त्या दिवशीचा ट्रे आणि ओटा धुण्याची ३० मिनिटे घरातल्या पुरुषांच्या नावावर लिहून टाका. आमच्या दादांच्या नावावर ती आता नेमाने लागतात.